‘क्ष = क्ष + १’ विसरताना

जावा किंवा सी प्लस प्लस शिकून कामाला लागलेला प्रोग्रॅमर फंक्शनल प्रोग्रॅमिंगकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली अडचण नव्या चिन्हांची नसते. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ तेथे लिहिता येत नाही, हे त्याला खटकते. बीजगणिताच्या वर्गात उघड असत्य ठरणारे हे विधान संगणकाच्या पहिल्याच तासाला त्याने निमूटपणे मान्य केलेले असते. कारण येथे ‘क्ष’ ही संख्या नसून स्मृतीतील एक कप्पा असतो. ऑब्जेक्ट म्हणजे अशा कप्प्यांची बंद पेटी. तिच्या मेथडमार्फतच आतला मजकूर बदलायचा. फंक्शनल पद्धतीत दिलेले मूल्य बदलत नाही, त्यापासून नवे मूल्य तयार होते.

ही पद्धत नवी मानली जाते. इतिहास उलट आहे. अलोन्झो चर्च यांचे लॅम्डा कॅल्क्युलस १९३० च्या दशकातले. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेचे काम १९५८ मध्ये सुरू केले. ऑब्जेक्टची कल्पना रुजवणारी नॉर्वेतील सिम्युला ६७ त्यानंतरची. पुढे १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात जॉन बॅकस यांनी कप्पे बदलत राहण्याच्या शैलीवरच हल्ला चढवला. बॅकस म्हणजे फोरट्रानचे जनक. ती शैली रूढ करण्यात त्यांच्याइतका वाटा क्वचितच कोणाचा असेल! तरीही उद्योगाने ऑब्जेक्ट निवडले, आणि मोठ्या चमूंना कामाची वाटणी करायची असताना ती निवड गैर नव्हती.

अडचण उभी राहते ती अनेक प्रोसेसर एकाच कामाला जुंपल्यावर. कप्पा आधी कोणी बदलला, यावर उत्तर अवलंबून राहू लागते. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद (ते एवढेच नाव लावत) यांनी हाच प्रश्न एमआयटीत अनेक वर्षे हाताळला. त्यांच्या डेटाफ्लो यंत्रात आज्ञांचा क्रम आधी ठरलेला नसे. लागणारी मूल्ये हाती आली की क्रिया घडे. हास्केल भाषेचा पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला, त्या समितीत अरविंद आणि ऋषियूर निखिल होते. जावात लॅम्डा आले ते मात्र २०१४ मध्ये, मल्टिकोर प्रोसेसर घरोघरी पोचल्यावर.

हास्केलच्या परंपरेतूनच चिपची रचना लिहिण्याची ब्लूस्पेक ही भाषा निघाली आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर तिच्यात लिहिले गेले. सर्किटात रजिस्टर असतात आणि ते बदलतातच. तेथे बदल नाकारून चालत नाही. म्हणून ब्लूस्पेकमध्ये प्रत्येक बदल एका नियमात बांधलेला असतो. तो पूर्ण घडतो किंवा मुळीच घडत नाही, आणि अनेक नियम एकाच वेळी चालले तरी परिणाम ते एकामागून एक चालल्यासारखाच असतो. रजिस्टर मॉड्यूलच्या आत राहतात, बाहेरून त्यांच्याशी व्यवहार होतो तो मेथडमार्फत. जावाच्या प्रोग्रॅमरला ही पेटी ओळखीची वाटेल.