नावाचे वतन की नावाचा इजारा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना नमन करून मी विषयाला हात घालतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने इंटरनेटवरील नावांच्या खरेदी-विक्रीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा सारा जन्म शब्द आणि जुने कागद यांच्या सहवासात गेला, आणि हा व्यापार अखेरीस शब्दांचाच आहे. शिवाय त्याच्या मुळाशी हक्काविषयीचा जो प्रश्न आहे, तो मराठ्यांच्या इतिहासात पूर्वीच उपस्थित होऊन गेला आहे. एवढेच नव्हे, तर त्याचा एक शोकान्त अध्याय याच गुजरातच्या भूमीशी निगडित आहे.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात ठेवणे जड जाते, म्हणून त्या पत्त्याला एक नाव जोडतात. ते डोमेन नाव. आरंभी सर्व नावांची एकच यादी असे आणि ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. व्याप वाढला तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विभागवार व्यवस्था रचली आणि १९८५ पासून डॉट कॉम हा विभाग प्रचारात आला. त्यातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदवले. ती कंपनी पुढे डबघाईला आली. तिचे नाव मात्र टिकून राहिले आणि २००९ मध्ये नावांचा व्यवहार करणाऱ्या एका गुंतवणूकदाराने ते विकत घेतले. कंपनी गेली, पाटी उरली आणि पाटीला गिऱ्हाईक मिळाले, असा हा प्रकार.

पहिली दहा वर्षे नाव नोंदवायला पैसे पडत नसत. जो आधी मागेल त्याला ते मिळे. त्या काळातील एक हकीकत शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आहे. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराच्या असे ध्यानात आले की, मॅकडोनाल्ड्स या जगप्रसिद्ध खाद्यपदार्थ कंपनीने स्वतःचे नाव नोंदवलेलेच नाही. त्याने ते स्वतःच्या नावे नोंदवले आणि तसा लेखही छापला. कंपनी जागी झाली. शेवटी त्याने नाव परत केले, ते न्यूयॉर्कमधील एका सरकारी शाळेला संगणकसामग्रीसाठी कंपनीने साडेतीन हजार डॉलर द्यावेत, या बोलीवर. या व्यापारातील एका प्रारंभीच्या सौद्याची रक्कम शाळेच्या पदरात पडली!

सप्टेंबर १९९५ मध्ये चित्र पालटले. नोंदणीचे काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला शुल्क आकारण्याची मुभा मिळाली: पहिल्या दोन वर्षांचे शंभर डॉलर, पुढे दरवर्षी पन्नास. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. शुल्क आले म्हणजे किंमत आली, आणि किंमत आली की बाजार मागोमाग येतोच. ‘बिझनेस’ हा साधा इंग्रजी शब्द डॉट कॉमसह १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकला गेला आणि दोनच वर्षांत पंचाहत्तर लाखांना. २०१९ मध्ये ‘व्हॉइस’ या शब्दाला तीन कोटी डॉलर मिळाले. अशा आकड्यांनी अनेकांची मती गुंग झाली. लोक शेकड्यांनी नावे घेऊन ठेवू लागले. जी खपत नाहीत त्यांवर जाहिराती लावून, कोणी चुकून तेथे आला आणि जाहिरातीवर गेला की चार पैसे मिळवू लागले. मोठ्या सौद्यांच्या बातम्या होतात. न खपलेल्या नावांचे वार्षिक शुल्क भरभरून थकलेल्यांची बातमी होत नाही. जमिनीच्या धंद्यातही हेच आढळते.

येथे मी मूळ प्रश्नाकडे येतो. विकणारा नेमके काय विकतो? बोलताना आपण ‘नावाचा मालक’ असे म्हणतो. पण डॉट कॉमचे नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच मिळते. मुदत संपली आणि शुल्क भरले नाही, तर हक्क संपतो. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला येथे दोन जुने शब्द आठवल्याखेरीज राहत नाहीत: वतन आणि इजारा.

वतन हे वंशपरंपरेचे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांची विक्री होत असे. सारा थकला, दंड बसला, दुष्काळ आला की पाटील आपली निम्मी पाटीलकी विकून टाकी. अशी खरेदीखते छापील साधनग्रंथांतून मुबलक सापडतात आणि ती वाचताना मौज वाटते. काय विकले याची केवढी बारकाई! शिरपाव आधी कोणी घ्यावा, पोळ्याला कोणाचा बैल पुढे असावा, होळीची पोळी कोणाची, कागदावर नांगराची निशाणी वर कोणाची आणि खाली कोणाची, हे सर्व लिहून घेत. नाव आणि मान यांनाही मोल असते, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नाही. मात्र असा व्यवहार गोताच्या साक्षीने होई; भाऊबंद, बलुतेदार, शेजारगावचे पाटील यांच्या समक्ष तो ठरे आणि मग वंशपरंपरा चाले.

इजाऱ्याचे तसे नाही. इजारा म्हणजे ठरावीक मुदतीचा, ठरावीक रकमेचा मक्ता. या प्रांतातील सर्वांत गाजलेला इजारा अहमदाबादचा. पेशव्यांनी आपला तेथील हिस्सा १८०० मध्ये गायकवाडांना इजाऱ्याने दिला. १८०४ मध्ये तो दहा वर्षांसाठी, सालिना साडेचार लाखांवर, पुन्हा देण्यात आला. दहा वर्षे वहिवाट झाली की मक्त्याचे वतन झाल्यासारखे वाटू लागते. १८१४ मध्ये मुदत सरली आणि दुसऱ्या बाजीरावाने इजारा पुढे चालू ठेवण्यास नकार देऊन अहमदाबादचा सुभा त्रिंबकजी डेंगळे यांच्याकडे सोपवला. या आणि हिशेबाच्या इतर तंट्यांची बोलणी करण्यासाठी बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास गेले, आणि २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्यानंतर तीन वर्षांत पेशवाई बुडाली. तिच्या नाशाची कारणे अनेक आहेत. पण त्या साखळीतील एक कडी नूतनीकरण न झालेल्या इजाऱ्याची आहे, हे विसरून चालणार नाही.

डोमेन नाव हे वतन नव्हे, इजारा आहे. आणि इजाऱ्याची किमया पाहायची तर प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाकडे पाहावे. देशांना दोन अक्षरांचा विभाग वाटून देतात. तुवालूच्या वाट्याला आलेली अक्षरे नेमकी ‘टीव्ही’ ही निघाली. २००० साली त्या देशाने हा विभाग पाच कोटी डॉलरच्या बोलीने एका कंपनीला चालवायला दिला, आणि त्याच वर्षी तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. सदस्यत्वाचा खर्च याच पैशातून निघाला. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाला ‘ए आय’ ही अक्षरे मिळाली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला होताच २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. आधी न मातीत पिकलेले, न खाणीत सापडलेले हे उत्पन्न!

आता न्यायाचा भाग. शब्दकोशातील सामान्य शब्द आधी पाहून घेऊन ठेवणे आणि पुढे विकणे यात मला गैर दिसत नाही. रस्ता होण्यापूर्वी ज्याने भूखंड घेतला, त्याची दूरदृष्टी आपण मान्य करतोच. परंतु दुसऱ्याने कष्टाने कमावलेले नाव अडवून बसणे, किंवा त्यात एखादे अक्षर बदलून त्याचे गिऱ्हाईक वळवणे, ही खंडणी आहे. (सुरतेत उभे राहून मराठी माणसाने खंडणीविषयी बोलावे की नाही, हा प्रश्न मी श्रोत्यांवर सोपवतो.) भारतात हा भेद न्यायालयांनी लवकर ओळखला. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया’ नाव घेणाऱ्यास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’चे प्रकरण आले, प्रतिवादीने एकच स्वर बदलून ‘रॅडिफ’ हे नाव घेतले होते. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’ खटल्यात हाच विचार देशभरासाठी कायम केला. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९९ मध्येच लवादाची पद्धत ठरली होती आणि जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशी प्रकरणे जाऊ लागली.

तरीही भेद नेहमी सोपा नसतो. २०२४ मध्ये जिओ आणि हॉटस्टार यांचे विलीनीकरण होणार हे ताडून दिल्लीच्या एका तरुणाने दोन्ही नावांचा जोड आधीच घेऊन ठेवला होता. परदेशातील शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या, असे त्याने जाहीरपणे सुचवले. पुढे ते नाव दुबईतील दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते विनामूल्य देऊ केले. त्या तरुणाला दूरदर्शी म्हणावे की अडवणूक करणारा? माझा कौल दुसऱ्या बाजूस झुकतो, पण फार ठामपणे नाही. याच्या अगदी उलट उदाहरण मूळच्या कच्छ-मांडवीच्या तरुणाचे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला साक्षात गूगलचे नाव बारा डॉलरला विक्रीस दिसले. त्याने ते घेतले आणि सुमारे मिनिटभर ते त्याच्याकडे राहिले. कंपनीने दिलेले बक्षीस त्याने दानधर्मास द्यायला सांगितले, तेव्हा कंपनीने ती रक्कम दुप्पट केली.

आता या गावाच्या नावाकडे पाहा. सुरत आणि हजिरा यांच्यामधले इच्छापोर एकेकाळी शेतीवाडीचे. आता येथे हिऱ्या-दागिन्यांची औद्योगिक वसाहत आहे, आणि उद्योग आला की त्यामागे नावांची नोंदणी येते. पण रोमन लिपीत इच्छापोर लिहायचे कसे? ‘सी’ एक की दोन, ‘एच’ दोन की तीन, शेवटी ‘ई’ हवा की नको? पाट्यांवर, नकाशांवर, कागदांवर मी निरनिराळी रूपे पाहिली आहेत. प्रत्येक रूप म्हणजे बाजारात स्वतंत्र नाव. ‘रॅडिफ’वाल्याने ज्या फटीतून शिरकाव केला, ती फट आपल्या बहुतेक सर्व ग्रामनामांना आणि आडनावांना जन्मजात आहे. देवनागरीत मात्र इच्छापोर एकाच रीतीने लिहितात. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हा विभाग देवनागरीत खुला झाला आणि ज्या आठ भाषांसाठी तो होता त्यांत मराठी होती. गुजराती लिपीतही तशी सोय आहे. परंतु मराठी संस्थांनी तिकडे पाठच फिरवली आहे. अजून बाजार चढलेला नसल्यामुळे मराठीतील कितीतरी सुंदर शब्द तेथे अल्प शुल्कात मिळण्याजोगे आहेत. भाषेच्या मंडळींनी हे व्यापाऱ्यांच्या आधी ओळखावे, अशी माझी इच्छा आहे.

शेवटी माझ्या परिचयाच्या एका जुन्या ग्रंथालयाची हकीकत सांगतो. त्यांचे संकेतस्थळ एका हौशी लिपिकाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. ते गृहस्थ नोकरी सोडून गेले. मुदत संपत आल्याच्या सूचना त्यांच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या आणि कोणी त्या वाचल्या नाहीत. अशा वेळी सर्वसाधारणपणे दीड महिन्यापर्यंतची सवलत असते. त्यानंतर तीस दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते, आणि आणखी पाच दिवसांनी ते सर्वांना खुले होते. ग्रंथालयाला जाग आली तेव्हा ते कोणा परक्याकडे गेले होते आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकत होत्या. परत देण्यासाठी त्याने मागितलेली रक्कम त्यांच्या वर्षभराच्या ग्रंथखरेदीहून अधिक होती. वार्षिक शुल्क असते हजार-दीड हजार रुपये.

कार्यकारिणीच्या सभेत बराच खल झाला. काही सदस्यांना पैसे भरून नाव सोडवावेसे वाटत होते, कारण सारा जुना पत्रव्यवहार त्यावर होता. मी विरोधात बोललो. अखेर नवे नाव घ्यायचे ठरले. ते देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही ठिकाणी, संस्थेच्याच नावे, दहा वर्षांच्या मुदतीने घेतले, आणि ती मुदत संपण्याची तारीख मालमत्तेच्या नोंदवहीत इमारतीच्या भाडेपट्ट्याखालच्या ओळीवर लिहिली. वाचकांच्या ओळखपत्रांवरील जुन्या पत्त्यावर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम अजून चालू आहे.