स्विचन विद्युत् दाब नियामक
एकदिश विद्युत् दाब इलेक्ट्रॉनीय स्विचाने अतिजलद जोडून-तोडून इष्ट मूल्याचा स्थिर दाब मिळवून देणारे मंडल. पूर्वीपासून रूढ असलेल्या रेषीय नियामकात ट्रँझिस्टर बदलत्या रोधकाप्रमाणे कार्य करतो व जादा दाब उष्णतेच्या रूपाने वाया जातो. उदा., १२ व्होल्टांच्या आदानापासून ५ व्होल्ट दाबास ३ अँपिअर प्रवाह घेतल्यास १५ वॉट शक्ती उपयोगी पडते, तर २१ वॉट उष्णतेत जाते. प्रदान दाब बदलता येण्याजोगा असल्यास तो जितका कमी ठेवावा तितका हा व्यय वाढतो. स्विचन नियामकात ट्रँझिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो; दोन्ही अवस्थांत व्यय अल्प असतो. प्रवर्तक वेटोळे व धारित्र मिळणाऱ्या स्पंदांची सरासरी काढतात. वरील उदाहरणात आदर्श स्विच प्रत्येक आवर्तनाचा सु. ४२% काळ चालू राहतो.

ही कल्पना जुनी आहे. १९३० नंतरच्या दशकात मोटारगाडीतील रेडिओसाठी विजेरीचा प्रवाह कंप पावणाऱ्या यांत्रिक संपर्काने तोडीत. परंतु संपर्क झिजत. ट्रँझिस्टरामुळे झीज टळली, तरी चालू-बंद होण्याच्या संक्रमणकाळात व्यय होतोच. म्हणून ट्रँझिस्टर पुरेसे जलद व स्वस्त होईपर्यंत ही पद्धत मुख्यतः अवकाशयाने व लष्करी सामग्रीपुरती मर्यादित राहिली. कंप्रता २० किलोहर्ट्‌झच्या वर नेता आल्यावर वेटोळी लहान झाली व कानास ऐकू येणारा गुणगुणाट थांबला. ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-३५ या गणकयंत्रात (१९७२) आणि ॲपल-२ संगणकात (१९७७) असे पुरवठे होते. मात्र ॲपलचा पुरवठा हा या पद्धतीचा आरंभ नव्हे.

१९७६ हे वर्ष अभिकल्पाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. सिलिकॉन जनरल कंपनीतील रॉबर्ट मॅमानो यांच्या एसजी १५२४ या संकलित मंडलात संदर्भ दाब, आंदोलक, त्रुटी विवर्धक व स्पंदरुंदी नियंत्रण एकत्र आले. त्याच वर्षी आर. डी. मिडलब्रुक व स्लोबोदान चूक यांनी स्विचन मंडलाच्या स्थैर्याचे गणित मांडले.

१९९० च्या सुमारास एलएम २५७६ सारख्या मंडलांत स्विचही अंतर्भूत झाला. त्याची कंप्रता ५२ किलोहर्ट्‌झ असून बदलत्या दाबाच्या प्रकारात दोन रोधकांच्या विभाजकाने प्रदानाचा अंश परत आणून १.२३ व्होल्टांच्या संदर्भाशी ताडतात. रोधकांचे गुणोत्तर बदलले की दाब बदलतो. तथापि वेटोळे व धारित्र दाबाच्या संपूर्ण पल्ल्यास आणि किमान ते कमाल भारास पुरावे लागतात. प्रदान व तुलनाबिंदू यांमधील रोधक तुटल्यास नियामकास दाब शून्य भासतो, स्विच जवळजवळ सतत चालू राहतो आणि आदानाचा बहुतेक सर्व दाब भारावर येतो. त्यामुळे असा पुरवठा बनविताना अतिदाबापासून स्वतंत्र संरक्षण देणे आवश्यक ठरते.