शार्ङ्गदेवाचा खंडमेरु

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगांव मेघे येथून संगणकशास्त्र शिकावयास जाणाऱ्या मुलाला आरंभींच ‘डेटा स्ट्रक्चर’ आणि ‘अल्गोरिदम’ हे दोन शब्द भेटतात. पहिल्याचा अर्थ माहिती मांडून ठेवण्याची रचना, दुसऱ्याचा कृतीची निश्चित रीति. मुलगा रीति पाठ करतो. रचना कशाकरितां, हें पुष्कळदां परीक्षा झाल्यावरही त्याला उमगत नाहीं. तें उमगावें असें एक उदाहरण तेराव्या शतकांत देवगिरीस, आणि तेंही संगीताच्या ग्रंथांत, लिहिलें गेलें.

यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेंत आला. हा भास्कर म्हणजे लीलावतीकार नव्हे. पण लीलावतीकारांचा नातू चांगदेव हाही सिंघणाचाच ज्योतिषी होता, असें चाळीसगांवजवळील पाटणचा शिलालेख सांगतो. सात निरनिराळ्या वस्तूंचे क्रम ५,०४० होतात हें काढण्याची रीत ‘लीलावतीं’त ११५० च्या सुमारास आलीच होती. शार्ङ्गदेवाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. सात स्वरांच्या ५,०४० तानांची यादी ठराविक क्रमानें लिहिली, तर अमुक तान कितवी? आणि अमक्या क्रमांकाची तान कोणती? पहिल्या प्रश्नाला ‘उद्दिष्ट’ व दुसऱ्याला ‘नष्ट’ असें नांव आहे.

सारी यादी ताडपत्रावर उतरून शोधीत बसणें हें हिशेबनिसाला रुचण्याजोगें नव्हतेंच! ‘संगीतरत्नाकरां’त त्यानें खंडमेरु नांवाचा तक्ता दिला. त्यांत सात स्तंभ. पहिल्यांत केवळ १. दुसऱ्यांत ०, १. तिसऱ्यांत ०, २, ४. चौथ्यांत ०, ६, १२, १८. असें करीत सातव्यांत ० पासून ४,३२० पर्यंत. प्रत्येक स्तंभांत एकेक खडा ठेवून तो खालीं सरकवावयाचा.

श्रोत्यांनीं सा, रे, ग हे तीनच स्वर घ्यावेत. ‘रे ग सा’ ही तान कितवी? शेवटचा स्वर सा. मूळ क्रमांत तो शेवटून तिसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभाचें तिसरें घर, ४. सा काढल्यावर उरले रे, ग. त्यांत ग शेवटचाच, म्हणून ०. पहिल्या स्तंभाचा १ मिळवला कीं बेरीज ५. तान पांचवी. उलट चौथी तान हवी असल्यास ४ मधून १ वजा करावा. उरलेल्या ३ मध्यें तिसऱ्या स्तंभांतील २ मावतात, म्हणून शेवटीं रे. बाकी १, म्हणून त्याच्या आधीं सा. तान झाली ‘ग सा रे’.

सातही स्तंभांचीं घरें मोजलीं तर अवघीं २८ भरतात. पांच हजार चाळीस ओळींचें काम अठ्ठावीस घरांनीं केलें, कारण तानांची यादी न ठेवतां ती जिच्यापासून निघते ती घडण तेवढी जपून ठेवली. प्रत्येक स्तंभांतील सर्वांत मोठा अंक घ्यावा: १, १, ४, १८, ९६, ६००, ४,३२०, बेरीज बरोबर ५,०४०. गाणारे हें प्रकरण कोरडें म्हणून ओलांडतात. गायनाच्या दृष्टीनें त्यांचें फारसें चुकतही नाहीं.

क्रमगुणितांवर आधारलेली हीच अंकपद्धति फ्रेंच गणिती लेझां यानें १८८८ सालीं मांडली, आणि तीही क्रमांची ओळख पटविण्याकरितांच.