पूर ओसरल्यानंतर : शिरोळ तालुक्यातील मदतकार्याचा मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ट्रस्टच्या पूरमदतीविषयी लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. मी पेशाने कापड व्यापारी. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत मदतीचा जमाखर्च माझ्याकडे होता. त्या वह्या पुन्हा चाळून हे चार शब्द लिहीत आहे.

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा आपला शिरोळ तालुका. पाणी येथे नवे नाही. नृसिंहवाडीला संगमावर पाणी चढले की दक्षिणद्वार स्नानासाठी गर्दी होते. नदीकाठच्या मळीच्या रानाला तर पुराचा गाळ म्हणजे फुकटचे खतच वाटे. २००५ नंतर मात्र हिशोब बदलला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांवर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूटही ओलांडले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून माणसे दगावली, ते दुःख आजही ताजे आहे. दोष अलमट्टीचा, पावसाचा की पात्रातील अतिक्रमणांचा, हा वाद वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आल्यावरही मिटलेला नाही. त्यात मी शिरत नाही.

संकटात शेतकऱ्यास पुन्हा उभे करण्याची जुनी रीत म्हणजे तगाई. इंग्रज सरकारने १८८४ साली शेतकरी कर्ज कायदा केला. बी-बियाणे व बैल घेण्यास त्यातून कर्ज मिळे. आपल्या कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि तगाईही दिली. पोटाला अन्न आणि रानाला बी, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी पाहिल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

२००५ च्या दिवाळीत आमच्या दुकानात खेड्यातील गिऱ्हाईक जवळजवळ आलेच नाही. जुन्या उधारीची यादी घेऊन मी वडिलांपुढे बसलो. ते म्हणाले, "ऊस कुजला म्हणजे कारखान्याचे बिल नाही. बिल नाही म्हणजे सोसायटीचे कर्ज थकले. ते थकले म्हणजे नवे कर्ज नाही. आपला नंबर त्यानंतर. मागायला जाऊ नकोस." बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला जे उमगले नव्हते, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले. उसाच्या सुरळीत पाणी शिरले की कोंब कुजतो; उभे पीक डोळ्यांदेखत जाते. आडसाली ऊस दीड वर्षाचा, म्हणून नुकसानही एका हंगामाचे राहत नाही.

एवढे कानांवर पडूनही २०१९ साली आम्ही चुकलो. जयसिंगपूर उंचावर असल्याने आसपासच्या गावांतील कुटुंबे येथील शाळा व मंगल कार्यालयांत उतरली. भोजन, औषधे, जनावरांना वैरण, कशातही आपला समाज मागे राहिला नाही. बाहेरगावांहून कपड्यांचे गठ्ठे इतके आले की ते ठेवण्यास जागा उरली नाही. त्यांत निम्मे फाटके होते. कापडाच्या धंद्यात जन्म गेला, तरी भगिनींना खरी गरज नव्या परकराची, टॉवेलची आणि चादरीची आहे, हे माझ्या ध्यानात आले ते त्यांनी संकोचत सांगितल्यावर. दोन आठवड्यांत निधी संपला.

शासनाने ग्रामीण भागातील बाधित कुटुंबास १० हजार व शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले. एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकाचे पीककर्ज माफ केले आणि ज्यांचे कर्ज नव्हते त्यांना नेहमीच्या तिप्पट भरपाई जाहीर केली. नेहमीचा बागायती दर तेव्हा हेक्टरी १३,५०० रुपये, म्हणजे एकरी साधारण साडेपाच हजार. पूर्वीच्या मानाने ही मदत मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पंचनामा सातबाऱ्यावरील नावाने होतो. दुसऱ्याचे रान वाट्याने कसणाऱ्याचे नाव तेथे नसते.

असाच एक वाटेकरी नोव्हेंबर २०१९ मध्ये दुकानी आला. ऑक्टोबरच्या पावसाने रानाला वापसा उशिरा आला होता. हरभरा टोकण्यापुरते बी मिळेल का, एवढेच त्याचे मागणे. मी वही उघडली; शिल्लक काहीच नव्हती. "काका, ऑगस्टमध्ये चार चादरी मिळाल्या होत्या, त्यांतल्या दोन परत घेता का?" असे तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच अधिक लागले. बियाण्याची रक्कम मी दुकानातून दिली, पण त्याच्यासारखे आणखी किती जण आमच्यापर्यंत आलेच नाहीत, हे कसे कळावे?

चतुर्विध दानात आहारदान आणि औषधदान आपण मनोभावे करतो. ज्याच्या पुढच्या पेरणीची धास्ती दूर झाली त्याला मिळाले ते अभयदानच, असे मी तेव्हा विश्वस्तांच्या सभेत बोललो. शास्त्राचा हा अर्थ काही ज्येष्ठांना रुचला नाही. चर्चा लांबली.

जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने २०१९ ची पातळीही ओलांडली. या वेळी जुने कपडे स्वीकारणार नाही, असे ट्रस्टने पहिल्याच दिवशी कळविले. त्यावर थोडी नाराजीही ओढवून घेतली. जमा निधीचा निम्मा भाग दसऱ्यापर्यंत हात न लावता ठेवला. वाटेकऱ्यांची नावे गावातील जाणत्या मंडळींना विचारून स्वतंत्र लिहिली आणि त्यांना शाळू व हरभऱ्याचे बी दिले. त्या वर्षीच्या वहीत 'बियाणे' हे खाते प्रथमच उघडले. ते अद्याप बंद केलेले नाही; शिल्लक दरवर्षी पुढे ओढली जाते.