पहाटे पाचच्या आत

हा एका तारखेचा पंचनामा नव्हे. मे महिन्यात पुण्यात मुळा-मुठेच्या मुंढवा-हडपसर काठाला मासे मरून तरंगतात, त्याआधीचे तास साधारण असे जातात.

सकाळी 11. उरले 18 तास
सेंटिनेल-2 उपग्रह 786 किलोमीटर उंचीवरून पुणे टिपून जातो. चित्रातला एक ठिपका म्हणजे नदीवरचा 10 मीटरचा चौकोन. पाणी अवरक्त किरण गिळते, हिरवे पान ते परतवते. तांबड्या आणि लघुतरंग अवरक्त पट्ट्यांमध्ये सरळ रेषा ओढायची, मधला अवरक्त पट्टा तिच्यावर किती उचलला ते मोजायचे. चुआनमिन हू यांनी 2009 मध्ये हे गणित समुद्रावर तरंगणाऱ्या शेवाळासाठी मांडले. आदल्याच वर्षी चीनमधल्या चिंगदाओत ऑलिंपिकच्या शिडाच्या नौकांची जागा अशाच शेवाळाने व्यापली होती. मुळा-मुठेवरही ते चालते. फक्त जलपर्णी कुठली नि शेवाळ कुठले, हे त्याला नीट सांगता येत नाही. काठावरच्या पोराला येते.

दुपारी 3. उरले 14 तास
चित्र काही तासांत फुकट मिळते. पण बघायला हवे होते मार्चपासून. तेव्हापासूनची चित्रे ओळीने लावा, हिरवा डाग पुलाखालून कसा पसरत गेला ते दिसेल. आत्ता नदीवर प्राणवायूचा मीटर घेऊन गेलात तर फसाल: उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, मोकळ्या पाण्यातला आकडा झकास येतो. जलपर्णीखाली मात्र अंधार.

सायंकाळी 6. उरले 11 तास
वळीव कोसळतो. नाल्यांत साचलेला काळा गाळ एका दमात नदीत.

रात्री 9
ऊन गेले, प्राणवायू बनायचा थांबला. आता शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे, तिघेही उरलेल्यावरच जगणार. जिवाणूंची भूक सगळ्यांत मोठी.

पहाटे 3
प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली. चिलापी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करतात. मरळ हवेतून श्वास घेतो, तो तगतो.

पहाटे 5
पांढरी पोटे वर. मुंढव्याचे जॅकवेल याच नदीचे पाणी उचलून साडेसतरा नळीपाशी शेतीच्या कालव्यात सोडते. उरलेले भीमेमार्गे उजनीला.

उपग्रहाची पुढची फेरी पाच दिवसांनी, तीही आभाळ मोकळे असले तर.