कोकोच्या पोत्यावरील शिक्का

इ. स. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी या इंग्रज कारखानदाराच्या पाहण्यात एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. मळा कोकोचा, पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरचा. मालमत्तेच्या यादीत मजुरांचीही गणना होती! पोर्तुगालने गुलामगिरी कायद्याने केव्हाच बंद केली होती. (त्याच राजाचे निशाण तेव्हा पणजीवरही फडकत होते, हे आपण विसरू नये.)

कागदोपत्री हे मजूर गुलाम नव्हतेच. पाच वर्षांच्या कराराने अंगोलातून आणलेले ते नोकर. करार, सरकारी नोंद, सारे यथासांग. उणीव एवढीच की, मुदत संपल्यावर घरी परतलेला माणूस जवळजवळ कोणाच्या पाहण्यात नव्हता. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने अंगोलातील वाट स्वतः तुडवून १९०६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कॅडबरींनी जोसेफ बर्ट यांस चौकशीस पाठविले. त्यांचा निष्कर्षही तोच निघाला. तथापि बहिष्कार पडला तो मार्च १९०९ मध्ये. मधली आठ वर्षे कोको येतच होता. लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्राने यावरून ढोंगीपणाचा आरोप केला, तेव्हा कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ते जिंकले, आणि पंचांनी भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने आपला एक पैसा. निकालातील ही खोच ज्याला कळली त्याला सारा खटला कळला.

पुढे खरेदी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. तेथे मळेवाले नव्हते, छोटे शेतकरी होते. त्यामुळे प्रश्न मिटला असे वाटले. पण जिथे मजुरीला पैसा नाही तिथे घरची पोरेच कोयता उचलतात. आयव्हरी कोस्टमध्ये तर शेजारच्या माली व बुर्किना फासोतून आणलेली मुलेही राबताना आढळली. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एलियट एंगेल यांनी चॉकलेटवर 'गुलामगिरीविरहित' अशी चिठ्ठी असावी या दिशेने दुरुस्ती मांडली व ती २९१ विरुद्ध ११५ मतांनी संमतही झाली. मग कंपन्यांनी धावपळ केली. कायद्याऐवजी सप्टेंबरात एक करार झाला. सिनेटर हार्किन आणि एंगेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. १ जुलै २००५ पर्यंत प्रमाणपत्राची विश्वसनीय पद्धत उभी करावयाची, असे त्यात लिहिले होते, मात्र स्वेच्छेने! मुदत टळली, २००८ झाली, तीही टळली. दरम्यान 'प्रमाणपत्र' या शब्दाचाच अर्थ पातळ झाला: शेताची हमी नव्हे, तर पाहणी करून आकडे छापणे. २०१० साली नवे वचन निघाले, अतिवाईट प्रकारची बालमजुरी २०२० पर्यंत ७० टक्क्यांनी घटविण्याचे. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. २०१८-१९ च्या हंगामात दोन्ही देशांत मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामावर होती.

असे का व्हावे? पोते कुठल्या झाडाखालून आले, हेच मुळी पुढे उरत नाही. लहान शेतकरी आपले बी दलालाला विकतो, दलाल दहा जणांचे एकत्र करतो, बंदरावर त्याचा डोंगर होतो. शिक्क्याच्या योजनांनीही हे मान्य करून वजनाचा मेळ पुरेसा धरला. तपासलेला जितका माल घेतला तितक्याच मालावर खूण मारावी, मग प्रत्यक्ष दाणा कोणाचाही असो. तपासनीस येतो तोही बहुधा वर्षातून एकदा, आणि आगाऊ कळवून. त्या दिवशी मुले शेतात कशी दिसतील? २०१२ पासून नेस्ले कंपनीने दुसरी रीत धरली. गावातलाच माणूस घरोघर जातो, राबणाऱ्या मुलाचे नाव नोंदवितो, जन्मदाखला, वह्या, शाळा यांची खटपट करतो. मूल सापडले की शेतकऱ्याला बाद करावयाचे, हा जुना नियम. त्यामुळे शेतकरी लपवीत असे. तो सोडून 'शोधा आणि सुधारा' हे धोरण रेनफॉरेस्ट अलायन्सनेही २०२० च्या नियमावलीत स्वीकारले. आम्हांस हे अधिक प्रामाणिक वाटते, जरी वेष्टनावर ते दिसावयास फारसे आकर्षक नाही.

भावाचा प्रश्न मात्र बहुतेक शिक्क्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. २०१९ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट यांनी एकजुटीने टनामागे ४०० डॉलरांची जादा रक्कम लावली. खरेदीदारांनी ती दिलीही; मात्र मालाच्या दर्जाबद्दल पूर्वी मिळणारे अधिमूल्य त्यानंतर घसरले.