शेती शिकवा, कर्ज माफ करू: एका अमेरिकन वचनाची गोष्ट



शेती आणि कर्जमाफी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला काय आठवतं? २००८ची केंद्राची कर्जमाफी, नाहीतर २०१७ आणि २०१९ सालच्या राज्याच्या योजना. याद्या, निकष, आधार पडताळणी, बँकेबाहेरची रांग. आज मी ज्या कर्जमाफीबद्दल बोलणार आहे ती वेगळी आहे. तीही शेतीसाठीच आहे, पण तिच्यात माफ होणारं कर्ज शेतकऱ्याचं नसतं, शिक्षकाचं असतं.

अमेरिकेत बरीच वर्षं सरकार तरुणांना सांगतंय, "शाळेत शिकवायला या, तुमचं शैक्षणिक कर्ज आम्ही थोडं थोडं माफ करत जाऊ." त्यात शेती हा विषय शिकवणारेही येतात. अनेक राज्यांमध्ये हे शिक्षक मिळतच नाहीत, आणि तुटवड्याच्या विषयांच्या सरकारी यादीत शेतीचं नाव वर्षानुवर्षं दिसतं.

आता प्रश्न असा, की ज्या देशाची शेती जगात नावाजलेली, तिथे शेती शिकवायला माणूस का मिळत नाही? आणि कर्ज माफ करतो म्हटलं की माणूस येतो का? त्यासाठी १६० वर्षं मागे जायला लागेल.

आधी कॉलेजं आली

२ जुलै १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू आहे आणि अब्राहम लिंकन एका कायद्यावर सही करतात, मॉरिल कायदा. त्यातली कल्पना साधी होती. प्रत्येक राज्याला त्याच्या संसदेतल्या दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यायची. राज्यानं ती विकायची, आलेला पैसा गुंतवायचा आणि त्यावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. म्हणून त्यांना 'लँड ग्रँट' कॉलेजं म्हणतात.

ही 'सरकारी' जमीन आली कुठून? ती मूळ रहिवासी जमातींची होती. करार करून, दबाव आणून, कधी सरळ हिसकावून घेतलेली. असा हिशोब मांडला गेलाय, की सुमारे २५० जमातींची १ कोटी एकरांहून जास्त जमीन या कॉलेजांच्या कामी आली. शेतीशिक्षणाचा इतिहास सांगताना हे गाळून पुढे जाता येत नाही.

या कॉलेजांशी आपलंही नातं आहे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या अशाच कॉलेजांमध्ये शेतीशास्त्र शिकले. पुढे ते मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात पुढे राहिले. चित्रकार दिएगो रिव्हेरानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. दुसरं नातं म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. भारतातली कृषी विद्यापीठं याच लँड ग्रँट नमुन्यावर उभी राहिली, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला मदतीला आली होती पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी.

तर कॉलेजं झाली. पण शेतकऱ्याची बहुतेक मुलं कॉलेजपर्यंत पोचतच नव्हती. ती गावातल्या शाळेत जेवढं शिकतील तेवढंच. आणि त्या शाळेत शेती शिकवणार कोण?

१९१७: सरकार पगार देतं

२३ फेब्रुवारी १९१७ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली. हा कायदा आणणारे सिनेटर होक स्मिथ आणि प्रतिनिधी डडली ह्यूज, दोघंही जॉर्जिया राज्याचे.

या कायद्यानं शिक्षकाच्या पगाराला थेट हात घातला. केंद्र एक डॉलर देणार, राज्यानं किंवा गावानं दुसरा डॉलर घालायचा. शेती शिक्षकांच्या पगारासाठी पहिल्या वर्षी ५ लाख डॉलर ठेवले. ही रक्कम दरवर्षी वाढवत १९२६पर्यंत ३० लाखांवर न्यायची, असं कायद्यातच लिहिलं होतं. शिवाय शिक्षक तयार करायला वेगळा पैसा. म्हणजे नोकरीही सरकारनं उभी केली आणि त्या नोकरीसाठी माणूसही सरकारनंच घडवला.

कायद्यात आणखी एक अट होती. विद्यार्थ्यानं वर्षातून किमान सहा महिने प्रत्यक्ष शेतावर, देखरेखीखाली काम करायचं. शाळेचं शेत असो नाहीतर बापाचं. ही पद्धत मॅसॅच्युसेट्सच्या रूफस स्टिम्सन यांनी १९०८च्या सुमारास रुजवली होती. मुलगा घरच्या शेतावर एक प्रकल्प घेणार, कोंबड्या, बटाटे, काहीही. त्याचा जमाखर्च लिहिणार आणि शिक्षक घरी येऊन तो तपासणार.

जरा विचार करा, या एका अटीनं शिक्षकाची नोकरी किती बदलली. गणिताच्या सरांना उन्हाळ्याची सुट्टी. शेतीच्या सरांना कुठली? मका काही सुट्टीवर जात नाही. तास संपला की पोरांच्या शेतावर जा, जनावरं बघा, बापाशी बोला. बऱ्याच ठिकाणी शेती शिक्षकाची नेमणूक बारा महिन्यांचीच असायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

निळं जॅकेट

१९२८ साली कॅन्सस सिटीत १८ राज्यांतली ३३ मुलं जमली आणि 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे एफएफए ही संघटना सुरू झाली. तिचं निळं कॉर्डुरॉय जॅकेट १९३३मध्ये आलं आणि आजही ती तिची ओळख आहे. ही संघटना चालवायची कोणी? शेतीच्याच शिक्षकानं. भाषणस्पर्धा, जनावरांची पारख, जत्रा, अधिवेशनं, सगळं त्याच्याच गळ्यात.

त्या काळात दक्षिणेत शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. म्हणून कृष्णवर्णीय मुलांची वेगळी संघटना होती, 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका', १९३५मध्ये टस्कीगीला स्थापन झालेली. १९६५ साली ती एफएफएमध्ये विलीन झाली. कागदावर हे एकत्रीकरण होतं. प्रत्यक्षात सुमारे ५० हजार मुलांच्या त्या संघटनेचं नाव, तिचं चिन्ह आणि तिचं नेतृत्व पुसलं गेलं. मुलींना तर देशपातळीवर सदस्यत्व मिळायला १९६९ उजाडलं. शेती कोणी शिकायची आणि कोणी शिकवायची हे ठरवणारे दरवाजे असे बराच काळ अर्धेच उघडे होते.

स्पुटनिक आणि पहिली कर्जमाफी

आता आपण कर्जाकडे येतोय. ४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. आपली मुलं विज्ञानात मागे पडली, शिक्षक कमी पडताहेत, अशी ओरड सुरू झाली. वर्ष संपायच्या आत, २ सप्टेंबर १९५८ला, आयझेनहॉवर यांनी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्टवर सही केली.

त्यात विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्ज होतं. वर्षाला १,००० डॉलरपर्यंत, एकूण ५,०००, व्याज ३ टक्के. आणि सोबत एक नवीन कल्पना होती. तुम्ही सरकारी शाळेत पूर्णवेळ शिक्षक झालात, तर दर वर्षाच्या नोकरीमागे १० टक्के कर्ज माफ, पाच वर्षांत जास्तीत जास्त अर्धं. म्हणजे ५,००० घेतले असतील तर २,५०० फेडायचे, बाकीचे तुमच्या शिकवण्यात वळते. अवकाशयानाच्या भीतीनं आलेल्या या सवलतीत गावच्या हायस्कुलात शेती शिकवणाराही बसत होता.

बारीक अक्षरातल्या अटी मात्र पहिल्या दिवसापासून होत्या. कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यानं, सरकार उलथवणाऱ्या कुठल्याही संघटनेवर आपला विश्वास नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. त्यावरून हार्वर्ड, येल यांनी योजनेतून अंग काढून घेतलं. १९६२मध्ये ती अट गेली.

इथे एक वळण आहे. १९६३च्या नव्या व्यवसाय शिक्षण कायद्यानं नवा पैसा शेती, गृहविज्ञान असा विषयवार राखून ठेवणं सोडलं. जुना स्मिथ-ह्यूज कायदा कागदावर राहिला, तोही १९९७ साली रद्द झाला. म्हणजे शेती शिक्षकाच्या पगारामागचा केंद्राचा खास हात हळूहळू सुटत गेला आणि त्या जागी कर्जमाफीचं वचन येत गेलं. पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडतो. माफी पाच-दहा वर्षांनी मिळते, तीही सगळ्या अटी पाळल्या तर.

वचनं वाढली, अटीही वाढल्या

१९७२ नंतरच्या कर्जांवर सरसकट सगळ्या शिक्षकांना मिळणारी माफी बंद झाली. ती मुख्यतः गरीब वस्तीतल्या शाळा आणि अपंग मुलांचे शिक्षक यांच्यापुरती उरली. पुढे पर्किन्स कर्ज या नावानं चाललेल्या योजनेत, तुमचा विषय राज्याच्या तुटवड्याच्या यादीत असेल तर पाच वर्षांत पूर्ण कर्ज माफ होऊ शकत होतं. शेती शिक्षकांसाठी हे सगळ्यात सरळ दार होतं. २०१७ साली ती कर्जं देणंच थांबलं.

१९९८मध्ये शिक्षकांसाठी आणखी एक योजना आली. गरीब विद्यार्थ्यांच्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवा, ५,००० डॉलर माफ. २००४मध्ये गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांसाठी ही रक्कम १७,५०० झाली. शेती त्यात नाही. माती, खत, जनुकं, पशुरोग शिकवणारा माणूस विज्ञानाचा शिक्षक धरायचा की नाही, हे त्याच्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे त्यावर ठरतं.

२००७ साली दोन गोष्टी झाल्या. पहिली, टीच ग्रँट. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत अनुदान, बदल्यात आठ वर्षांच्या आत चार वर्षं तुटवड्याचा विषय शिकवायचा. नाही शिकवलात तर अनुदानाचं कर्ज होणार, तेही पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासकट. पुढे असं उघड झालं, की हजारो शिक्षक प्रामाणिकपणे शिकवत होते, पण वार्षिक फॉर्म उशिरा पोचला, सही राहिली, म्हणून त्यांच्या नावावर कर्ज चढलं. सरकारला नंतर हे दुरुस्त करायला लागलं.

दुसरी, लोकसेवकांची कर्जमाफी. सरकारी किंवा सेवाभावी नोकरीत १२० हप्ते भरा, म्हणजे दहा वर्षं, उरलेलं सगळं माफ. २०१७मध्ये पहिल्या लोकांची दहा वर्षं भरली, अर्ज आले, आणि सुरुवातीला शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव नाकारले गेले. कर्जाचा प्रकार चुकीचा, हप्त्याची योजना चुकीची, हप्ते मोजलेच नाहीत. २०२१मध्ये नियम सैल केल्यावर गाडी हलली आणि ऑक्टोबर २०२४पर्यंत १० लाखांहून जास्त लोकांना माफी मिळाली.

यात आणखी एक मेख आहे. त्याच पाच वर्षांवर दोन्ही योजनांचा लाभ घेता येत नाही. समजा एका तरुण शेती शिक्षिकेनं पाच वर्षांनी ५,००० डॉलरची माफी घेतली. मग ती पाच वर्षं दहा वर्षांच्या मोठ्या माफीत मोजली जात नाहीत, मीटर पुन्हा शून्यावर. बावीस वर्षांच्या मुलीला हे कोण समजावून सांगतं?

आता तुलना बघा. ग्रामीण भागात जनावरांचे डॉक्टर मिळेनात, म्हणून २००३मध्ये वेगळा कायदा झाला, आणि २०१०पासून त्यांना वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत, तीन वर्षं, कर्जफेडीची मदत मिळू लागली. न्यूयॉर्क राज्यानं २०१४मध्ये शेती करायला येणाऱ्या पदवीधरांसाठी पाच वर्षांत ५०,००० डॉलरपर्यंतची योजना आणली. मिनेसोटानं खास शेती शिक्षकांसाठी योजना केली. तिची मर्यादा वर्षाला ३,०००, पाच वर्षांत १५,०००. गाय तपासणाऱ्याला तीन वर्षांत ७५,०००, आणि गाय कशी सांभाळायची ते वर्गभर पोरांना शिकवणाऱ्याला पाच वर्षांत १५,०००.

मग माणूस येतो का?

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. शेतीचा पदवीधर बेकार बसलेला नसतो. बियाणं कंपनी, यंत्र कंपनी, बँक, सगळे त्याला घ्यायला तयार असतात आणि पगारही जास्त देतात. दुसरीकडे शाळेची नोकरी आठवा, दिवसा तास, संध्याकाळी शेतभेटी, शनिवारी स्पर्धा, उन्हाळ्यात जत्रा. जास्त काम, कमी पैसा, आणि डोक्यावर कर्ज. अशा वेळी दहा वर्षांनंतरची माफी हे आमिष म्हणून कच्चं आहे. जो आधीच शिकवायचं ठरवून बसलाय त्याला ती टिकून राहायला मदत करते, पण कंपनीच्या दारातल्या मुलाला शाळेकडे वळवायला ती सहसा पुरत नाही. १९१७च्या कायद्याला हे कळलं होतं. त्यानं आधी नोकरी आणि पगार ठेवला, मग माणूस मागितला.

आणि हा प्रश्न छोटा नाही. २०२४ साली एफएफएची सदस्यसंख्या १० लाखांच्या पुढे गेली. मुलं आहेत, शिक्षक नाहीत. लहान गावातल्या हायस्कुलात शेतीचा शिक्षक बहुतेक वेळा एकच असतो. इतिहासाच्या सरांनी नोकरी सोडली तर दुसरे कोणी तास घेतील. शेतीच्या बाईंनी सोडली तर तास गेला, प्रकल्प गेले, हरितगृहाला कुलूप लागलं आणि निळी जॅकेटं कपाटात गेली. एकदा बंद पडलेला विभाग पुन्हा उघडणं फार कठीण असतं.

म्हणून पुढच्या वेळी कुठलंही सरकार, अमेरिकेतलं असो नाहीतर आपलं, "अमुक काम करा, कर्ज माफ" म्हणालं, की आकडा बघायच्या आधी तीन गोष्टी विचारा. पैसा कधी मिळणार? फॉर्म किती आहेत? आणि मधल्या वर्षांत त्या माणसाचं घर कशावर चालणार?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यात कोणी कृषी पदवीधर असेल आणि कधी शिकवण्याचा विचार केला असेल, तर हा भाग नक्की पुढे पाठवा. भेटू पुढच्या भागात.